शब्द कोणत्या वेळचा?

यशया संदेष्ट्यावर खटला भरला गेला तो विसंगतीच्या आरोपावरून, अशी एक कथा बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आहे. ती इतिहास नाही, आख्यायिका आहे; पण तिने प्रश्न नेमका पकडला आहे. यहूदाचा क्रूर राजा मनश्शे यशयापुढे तीन मुद्दे ठेवतो. देवाला पाहून माणूस जिवंत राहू शकत नाही असे मोशे सांगून गेला, आणि तू तर प्रभूला उंच सिंहासनावर बसलेले पाहिल्याचे सांगतोस. हाक मारावी तेव्हा देव जवळच असतो असे मोशेचे म्हणणे, आणि तू लोकांना सांगतोस की तो सापडतो आहे तोवरच त्याला शोधा. माणसाचे नेमलेले दिवस देव पूर्ण करतो असे मोशेचे वचन, आणि तू राजा हिज्कीयाच्या आयुष्यात पंधरा वर्षांची भर पडल्याचे जाहीर केलेस. यशया उत्तर देत नाही. दिलेले उत्तर राजा मानणार नाही आणि जाणूनबुजून केलेल्या हत्येचे पाप तेवढे त्याच्या माथी बसेल, हे तो ओळखून असतो. शेवटी तो मारला जातो. तालमूदाचे संकलन सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पूर्ण झाले. म्हणजे हिब्रू शास्त्रातली संदेष्ट्यांची वचने एकमेकांशी जुळत नाहीत हा काही आधुनिक टीकाकारांनी लावलेला शोध नव्हे. परंपरेने ती विसंगती स्वतःच टिपली आणि तिला खटल्याचे रूप दिले. आरोप खलपुरुषाच्या तोंडी घातले, म्हणून ते झटकून मात्र टाकले नाहीत. एकेकाला उत्तर दिले.

त्या उत्तरांपैकी पहिले पुढे फार गाजले: इतर सर्व संदेष्ट्यांनी धूसर काचेतून पाहिले, मोशेने स्वच्छ काचेतून. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने (११३८–१२०४) याच दिशेने जाऊन संदेष्टेपणाच्या अकरा पायऱ्या मांडल्या आणि मोशेला त्या सर्वांहून वेगळे स्थान दिले. ॲमस्टरडॅमच्या मनश्शे बेन इस्रायल या रब्बीने १६३२पासून परस्परविरोधी वचनांचा मेळ घालणारा मोठा ग्रंथच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याच शहरात वाढलेल्या स्पिनोझाने १६७०मध्ये दुसरे टोक गाठले: संदेष्ट्याचा स्वभाव, कल्पनाशक्ती आणि पूर्वग्रह जसे, तसा त्याचा संदेश. एकोणिसाव्या शतकात ज्यूलियस वेलहाउझेन आणि त्याच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या लेखकांच्या हातचे थर दाखवून दिले. या प्रत्येक उत्तरात तथ्य आहे. पण ही सगळी उत्तरे विसंगतीकडे ऐकणाऱ्यातला किंवा लिहिणाऱ्यातला दोष म्हणून पाहतात: काच धूसर, मन मर्यादित, नाहीतर हात वेगळा. माझे म्हणणे असे की सर्वांत महत्त्वाच्या विसंगती या दोषातून आलेल्या नाहीत. या शास्त्रात देवाचा शब्द हा कायमचे विधान म्हणून येतच नाही. तो विशिष्ट माणसांना, विशिष्ट वेळी, त्यांच्याकडून काही घडावे म्हणून येतो. ती वेळ निघून गेल्यावर तोच शब्द जसाच्या तसा उच्चारला, तर तो खोटा ठरू शकतो. हे ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांना चांगले ठाऊक होते.

यासाठी यरुशलेमविषयीची वचने पाहावीत. इ.स.पूर्व आठव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एका लहान राज्यात दोन संदेष्टे बोलत होते. मीखा खेड्यातला, मोरेशेथचा. त्याने सांगितले की सियोन नांगरलेल्या शेतासारखे होईल आणि यरुशलेम ढिगाऱ्यांचे शहर बनेल. यशया राजधानीतला. अश्शूरचा राजा सन्हेरीब इ.स.पूर्व ७०१मध्ये चालून आला तेव्हा यशयाने हिज्कीयाला निरोप पाठवला की हा राजा या शहरात शिरणार नाही, इथे एक बाणही सोडणार नाही. प्रत्यक्षात शहर वाचले. सन्हेरीबाच्या स्वतःच्या कोरीव लेखात सेहेचाळीस तटबंदीची गावे घेतल्याची आणि तीस किक्कार सोने वसूल केल्याची नोंद आहे, हिज्कीयाला कोंडून ठेवल्याची फुशारकी आहे. यरुशलेम जिंकल्याचा दावा नाही. मग मीखा खोटा ठरला का? हा प्रश्न शंभर वर्षांनी खुद्द यरुशलेमच्या मंदिरात, एका माणसाच्या जिवावर बेतलेला असताना विचारला गेला.

तो माणूस यिर्मया. राजा यहोयाकीमच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला त्याने मंदिराच्या अंगणात उभे राहून हे मंदिरही उद्ध्वस्त होईल असे सांगितले. याजक आणि इतर संदेष्टे त्याच्यासाठी मृत्युदंड मागू लागले. त्यांच्या बाजूला प्रबळ आधार होता: देवाने या शहराचे रक्षण करण्याचा शब्द दिला होता आणि तो पाळलाही होता. त्या वेळी काही वडीलधारे उठले आणि त्यांनी मीखाचे नाव घेऊन त्याचे वचन उद्धृत केले. एका संदेष्ट्याच्या ग्रंथात दुसऱ्याचे वचन असे नावानिशी येणे अतिशय दुर्मीळ आहे. हिज्कीयाने मीखाला मारले का, असे त्यांनी विचारले. त्याने देवाचे भय धरले, विनवणी केली, आणि देवाने सांगितलेले अरिष्ट टळले. वडीलधाऱ्यांच्या मते मीखाचे वचन पूर्ण झाले नाही याचे कारण ते ऐकले गेले. असे पाहिले तर यशयाचे अभयवचन आणि मीखाचे विनाशवचन ही एकाच घटनेची दोन अंगे ठरतात. यिर्मया वाचला. उरीया नावाचा दुसरा संदेष्टा तेच बोलत होता. तो इजिप्तला पळाला, तिथून त्याला धरून आणून राजाने ठार केले. तेव्हा हा वाद पांडित्याचा नव्हता. चुकीच्या वाचनाची किंमत रक्ताने मोजली जात होती.

पुढचा प्रसंग सुमारे इ.स.पूर्व ५९४चा. तीन वर्षांपूर्वी बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यहोयाखीनला आणि मंदिरातल्या पात्रांना बाबेलला नेले होते. यिर्मया मानेवर लाकडी जोखड घेऊन फिरत होता: बाबेलपुढे मान तुकवा, नाहीतर सर्वनाश होईल. गिबोनचा हनन्या लोकांसमोर त्याला आडवा आला आणि यिर्मया वापरत असे त्याच प्रस्तावनेने, देवाच्या नावाने, म्हणाला की दोन वर्षांत पात्रेही परत येतील आणि राजाही. मग त्याने ते जोखड काढून मोडले. हनन्या काही परका देव घेऊन आला नव्हता. यशयाने जे शिकवले त्याचाच तो वारस होता: परक्या साम्राज्याचे जू मोडेल, देव आपल्या शहराला सोडणार नाही. यशयाच्या तोंडी, घाबरलेल्या आणि देवाकडे वळलेल्या राजासमोर, हे वचन खरे होते. हनन्याच्या तोंडी, बंडाची आखणी करणाऱ्या दरबारासमोर, तेच वचन हजारो माणसांना मृत्यूकडे नेणारे होते. यिर्मयाचे वागणे इथे फार लक्षणीय आहे. तो आधी ‘आमेन, असेच होवो’ म्हणतो. मग पूर्वीच्या संदेष्ट्यांचा दाखला देतो. जोखड मोडल्यावर मात्र तो काही न बोलता निघून जातो. त्या क्षणी त्याच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नंतर आले: लाकडाच्या जागी लोखंडाचे जोखड येणार, आणि हनन्या याच वर्षी मरणार. दोन महिन्यांनी हनन्या मेला.

इथे थांबलो तर यिर्मया म्हणजे निराशेचा संदेष्टा आणि हनन्या म्हणजे आशेचा, आणि खरा तो निराशेचाच, असा नवा नियम तयार होईल. ग्रंथ तो नियमही टिकू देत नाही. इ.स.पूर्व ५८८–५८७च्या सुमारास यरुशलेमला वेढा पडला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला अनाथोथचे शेत विकत घ्यायला सांगतो. अनाथोथचा मुलूख तेव्हा शत्रूच्या ताब्यात होता. त्या जमिनीला कवडीची किंमत नव्हती. यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हवाली करतो आणि त्या मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, कारण या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. ज्याने हनन्याची आशा नाकारली तोच आता आशेवर पैसे लावतो. यातली विसंगती टीकाकाराला शोधावी लागत नाही. यिर्मया स्वतःच प्रार्थनेत ती मांडतो: शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या, हाती जात असताना तू मला शेत घ्यायला कसे सांगतोस? हनन्याने मुळात आशा दिली हा दोष नव्हता. लोकांना बदलण्याची गरज असताना ती न बदलण्याची सवलत म्हणून दिली, हा दोष होता. सगळे हातचे गेल्यावर तीच आशा खरी झाली.

पण खरा संदेष्टा ओळखण्याची कसोटी शास्त्रात दिलेली नाही का? ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात दिली आहे: सांगितलेले घडले नाही, तर तो शब्द देवाचा नव्हता. त्याच ग्रंथाचा तेरावा अध्याय मात्र म्हणतो की सांगितलेले चिन्ह खरे झाले आणि तो माणूस परक्या देवांकडे नेऊ लागला, तर त्याचे ऐकू नका. योनाच्या कथेत तिसरीच गोष्ट होते: चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल असे त्याने सांगितले, लोकांनी पश्चात्ताप केला, काहीही उलथले नाही, आणि तरीही योना खोटा संदेष्टा ठरत नाही. आई मुलाला ‘पडशील!’ म्हणून ओरडते, मूल सावरते आणि पडत नाही, तेव्हा आईचे भाकीत चुकले असे कोणी म्हणत नाही. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात, कुंभाराच्या प्रसंगात, हे तत्त्व उघड शब्दांत येते: नाशाची घोषणा झालेले राष्ट्र वळले तर नाश मागे घेतला जातो, आणि भल्याची घोषणा झालेले राष्ट्र बिघडले तर ते भलेही मागे घेतले जाते. मायमोनिडीझने यातला दुसरा भाग रोखून धरला. त्याच्या मते संदेष्ट्याने दिलेले शुभवचन पूर्ण व्हायलाच हवे, म्हणजे खऱ्याखोट्याची पारख करता येईल. त्याची अडचण समजते. त्याला न्यायासनावर बसणाऱ्यांसाठी नियम हवा होता. पण कुंभाराचा प्रसंग त्याच्या बाजूने नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: घडले तर देवाचा शब्द, न घडले तर लोक बदलले म्हणून नाही घडले, अशा संदेष्ट्याला कोणीच कधी खोटे ठरवू शकणार नाही. भाकीत हेच संदेष्ट्याचे काम मानले तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण यिर्मया तेविसाव्या अध्यायात खोट्या संदेष्ट्यांवर जो आरोप ठेवतो तो वेगळा आहे. ते दुष्कृत्ये करणाऱ्यांचे हात बळकट करतात, त्यामुळे कोणी दुष्टपणापासून वळत नाही. देवाच्या सभेत ते उभे राहिले असते तर त्यांनी लोकांना वळवले असते. मीखाचा आरोपही असाच तपशीलवार आहे: न्यायाधीश लाच घेतात, याजक मोल घेऊन शिकवतात, संदेष्टे पैशांसाठी शकुन सांगतात आणि वर म्हणतात की देव आमच्यात आहे, आमचे वाईट होणार नाही. हे तपासायला दोन वर्षे किंवा सत्तर वर्षे थांबावे लागत नाही. बाजारात, न्यायासनासमोर, मंदिराच्या दारात ते त्याच दिवशी दिसते. ही कसोटी यंत्रासारखी चालत नाही हे खरे. प्रामाणिक माणूसही तिच्यात चुकू शकतो. पण ती पोकळ नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: हे सगळे वेगवेगळ्या लेखकांचे साहित्य आहे, त्यात एक विचार शोधणे व्यर्थ. थर वेगळे आहेत हे मला मान्य आहे. पण थर वेगळे का आहेत हे सांगितल्याने ते तसेच का ठेवले हे कळत नाही. जुळवणाऱ्यांना दुरुस्ती करता येत नव्हती असे नाही. दाविदाला जनगणनेची प्रेरणा देवाने दिली असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. नंतरच्या ‘इतिहास’ या पुस्तकात त्या जागी सैतान आला आहे. यिर्मयाच्या हिब्रू पाठात हनन्याला सरळ संदेष्टा म्हटले आहे. प्राचीन ग्रीक भाषांतराने त्याला पहिल्याच वाक्यात खोटा संदेष्टा ठरवून वाचकाचे काम सोपे केले. म्हणजे गुळगुळीत करण्याची वाट खुली होती, आणि काहींनी ती घेतली. हिब्रू पाठ राखणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी घेतली नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या एकाच, पंधराव्या, अध्यायात देव शौलाला राजा केल्याबद्दल दोनदा खेद करतो, आणि त्या दोहोंच्या मधोमध शमुवेल म्हणतो की देव माणसासारखा खेद करत नाही. इतक्या जवळची विसंगती नजरेतून सुटली असे मानणे कठीण आहे. शमुवेलाचे वाक्य कोणाला उद्देशून आहे ते पाहावे: झालेला निवाडा विनवण्यांनी फिरेल या आशेवर असलेल्या शौलाला. त्या माणसाला त्या वेळी दार बंद झाल्याचे सांगणे आवश्यक होते.

सर्वांत अवघड जागा राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. अहाब राजा रामोथ-गिलादवर स्वारी करू पाहतो, सुमारे चारशे संदेष्टे एकमुखाने विजय सांगतात, आणि इम्लाचा पुत्र मीखाया सांगतो की अहाबाला फसवण्यासाठी देवानेच त्यांच्या मुखात खोटेपणाचा आत्मा घातला आहे. देवच खोटे बोलवत असेल तर विश्वास कशावर ठेवायचा? ही अडचण मी सौम्य करू इच्छित नाही. स्वतः यिर्मयाही देवावर फसवल्याचा आरोप करतो. तरी कथेतली एक गोष्ट दृष्टीआड होऊ नये. ज्याला फसवायचे त्याला, तो रणांगणावर जाण्याआधी, भर दरबारात फसवणूक उघड करून सांगितली आहे. अहाबाला दोन्ही शब्द मिळाले, खोटा आणि तो खोटा असल्याचा इशारा, आणि त्याने निवड केली. तालमूदाची यावरची टिप्पणी मला मोलाची वाटते: सोबतीचा राजा यहोशाफाट साशंक झाला, कारण चारशेही जण सारखेच बोलत होते. संदेश एक असला तरी दोन संदेष्टे त्याच शब्दांत कधी बोलत नाहीत, अशी त्याच्या घराण्यात परंपरा होती. त्या वाचनात भिन्नता हीच खरेपणाची खूण आहे, आणि संशय येतो तो तंतोतंत जुळण्याचा.

स्वच्छ काचेतून पाहणारा मोशेही जुन्या शब्दाच्या या सापळ्यातून सुटला नाही. ‘निर्गम’ या पुस्तकात पाण्यासाठी खडकावर काठी मारण्याची आज्ञा त्याला मिळते. ‘गणना’ या पुस्तकात, वर्षांनंतर, तशाच तहानलेल्या लोकांसमोर, खडकाशी बोलण्याची आज्ञा मिळते. तो पुन्हा काठी मारतो, पाणी येते, आणि वचनदत्त देशात जाण्याचा त्याचा हक्क जातो. एकाच आठवणीच्या या दोन प्रती आहेत असे अभ्यासक म्हणतात, आणि ते संभवनीय आहे. पण शेजारी ठेवल्यावर त्या प्रती हेच सांगतात की जुना शब्द नव्या वेळी चालत नाही. एलीयाचेही तसेच. अलिबागजवळच्या खंडाळ्याशी ज्याची आठवण जोडून कोकणातले बेने इस्रायली आजही मलिदा अर्पण करतात, तोच हा एलियाहू हन्नाबी. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला होता. मोशेच्या काळी होरेब डोंगरही आगीने आणि भूकंपाने हादरला होता. जीव वाचवत एलीया त्याच होरेबवर येतो, तेव्हा वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि देव त्यांपैकी कशातही नसतो. नंतर एक अतिशय सूक्ष्म आवाज येतो आणि त्याला परत कामाला पाठवतो.

त्या कामांपैकी एक होते येहूला राजा म्हणून अभिषेक करणे. तो पुढे एलीयाचा उत्तराधिकारी अलीशा याच्या शिष्याकरवी झाला. येहूने इज्रेलमध्ये अहाबाच्या घराण्याची कत्तल केली आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकात देव त्याबद्दल त्याची वाखाणणी करतो. सुमारे शंभर वर्षांनी संदेष्टा होशेय सांगतो की इज्रेलच्या त्याच रक्ताचा जाब देव येहूच्या घराण्याला विचारील. जुन्या आज्ञेवर उभे असलेले घराणे स्वतःच अहाबासारखे झाले होते, असे म्हणता येईल. पण होशेयाचे शब्द तेवढ्यावर थांबत नाहीत, ते त्या कृत्यालाच दोष देतात. इथे सारवासारव करू नये. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात तर तारखाच दिल्या आहेत. नबुखद्नेस्सर सोर शहर लुटून उद्ध्वस्त करील असे तो सांगतो. वेढा लांबला, इतिहासकार जोसिफस तो तेरा वर्षांचा सांगतो. मग इ.स.पूर्व ५७१ला, ग्रंथातल्या शेवटच्या तारखेच्या वचनात, यहेज्केल स्वतः म्हणतो की सोरमध्ये एवढे कष्ट करूनही राजाला आणि त्याच्या सैन्याला मजुरी मिळाली नाही, म्हणून देव त्याला इजिप्त देत आहे. नबुखद्नेस्सरने इजिप्तवर मोहीम काढल्याचा उल्लेख एका तुटक्या बाबिलोनी लेखात आहे, पण इजिप्त त्याच्या हाती गेले नाही. ज्यांनी हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या नकलून ठेवला त्यांना सोर उभे असल्याचे माहीत होते, इजिप्त उभे असल्याचेही माहीत होते. त्यांनी दोन्ही वचने तारखांसह ठेवली, आणि यहेज्केलाला संदेष्ट्यांच्या रांगेतून काढले नाही.